आत घेतलेल्या शिवणी

रस्ता ओलांडताना फुटपाथच्या कडेला आईचा पाय अडखळला. लेकीने पटकन हात पुढे करून आईचा दंड धरला, तिला सावरलं, आणि मागून येणारी सायकल घंटी वाजवत निघून गेली. एवढंच झालं. "काही नाही गं, मेला बूटच जुना झालाय," असं म्हणून आई पुढे चालूही लागली. लेकीचा हात मात्र तसाच हवेत राहिला. कोटाच्या जाड कापडातून त्या हाताला जे कळलं होतं ते डोक्यापर्यंत पोचायला मध्ये थोडा वेळ गेला. वजन घटलंय. आई बारीक दिसतेय, असं नव्हे. तसं दिसत तर मुळीच नव्हतं. हाताचं सांगणं वेगळं होतं. रोज सकाळी प्रयोगशाळेत ती पिंजऱ्यातून एकेक उंदीर उचलते, शेपटीच्या मुळाशी धरून तळहातावर घेते, आणि काट्यावर ठेवायच्या आधीच हात सांगतो, हा कालच्यापेक्षा हलका. मग काटाही तेच म्हणतो. इतक्या वर्षांत हात क्वचितच चुकला होता. आणि आता तोच हात, भर रस्त्यात, कुणी विचारलेलं नसताना, आईबद्दल बोलला होता. ती दोन पावलं मागे राहून आईकडे पाहू लागली. करडा कोट खांद्यावर नीट बसलेला, कमरेशी नीट, बाह्या मनगटाशी जिथे संपायला हव्यात तिथेच संपलेल्या. कपडे कुठेही लोंबत नव्हते, कुठे झोळ नव्हता. चूक झाली हाताची, तिने स्वतःला सांगितलं. जाड कापड होतं, घाई होती. पण घरी पोचेपर्यंत तिने तो हात कोटाच्या खिशातून बाहेर काढला नाही.

बाबा गेल्यानंतर आई तिच्याकडे राहायला आली होती. आधीचं घर आवरताना आईने फार काही बरोबर घेतलं नाही, फक्त शिलाई मशीन, कात्र्यांचा डबा आणि बाबांचा एक स्वेटर, तोही दुसऱ्या दिवशी उसवून त्याची लोकर गुंडाळून ठेवली. आई आयुष्यभर एका नाट्यगृहाच्या कपडेपटात शिवणकाम करायची. राजाचे अंगरखे, सैनिकांचे डगले, पोट मोठं दिसावं म्हणून आत कापूस भरलेली बंडी, सगळं तिच्या हाताखालून जायचं. तिथे तिला सगळे 'रेघ' म्हणायचे, कारण आखून न घेताही तिची टीप रेघेसारखी सरळ पडायची. लहानपणी शाळा सुटल्यावर लेक कपडेपटात जाऊन बसायची, टेबलाखाली, चिंध्यांच्या ढिगात. वरून मशीनचा आवाज, आणि मध्येच आईचा हात खाली यायचा, त्यात सोललेलं उकडलेलं अंडं नाहीतर पावाचा तुकडा. आई कधी खाली वाकून बघायची नाही. हात यायचा, रिकामा होऊन परत जायचा. आईनेही खाल्लं का, हा प्रश्न टेबलाखाली बसलेल्या मुलीला कधी पडला नव्हता. आत्ता, स्वयंपाकघरात सूप ढवळत असताना, तो पडला, आणि त्याचं उत्तर आपल्याकडे नाही हे लक्षात येऊन ती उगीचच घाईघाईने ढवळू लागली.

जेवताना तिने पाहिलं. आजवर पाहिलंच नव्हतं की काय, असं वाटण्याइतकं स्पष्ट होतं ते. आईने सूप घेतलंच नाही. पावाचा एक तुकडा मोडला, त्याचा अर्धा खाल्ला, बटाट्याच्या दोन फोडी चिवडल्या आणि ताट जरासं पुढे सरकवलं. डावा हात पूर्ण वेळ मांडीवर, टेबलाखाली. "बस्स," आई म्हणाली. "दुपारचंच अजून पोटात आहे." तिचा नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, सगळा दिवस उंच इमारतींच्या अंधाऱ्या उभ्या बोगद्यांत काढलेला असल्यामुळे घरी आला की त्याला बोलायला हवं असतं. तो म्हणाला, "आई, तुमच्या दुपारच्या जेवणाची मला शंकाच आहे. आणि हो, पाव संपलाय पुन्हा. परवा दोन आणले होते मी. चीज पण नाही. घरात उंदीर झालेत की काय? हिच्या खिशातून आला असेल एखादा लपून." आई हसली. म्हणजे ओठांनी हसली. "जावईबापू, उंदीर चीज खात नाहीत हो, ही सांगत होती एकदा," ती म्हणाली आणि उठून आपल्या खोलीत गेली. तिला नवऱ्याचा राग आला. आई समोर उपाशी बसलीय आणि याला पाव कसला सुचतो! "तू गंमत करू नकोस रे प्रत्येक गोष्टीची," ती म्हणाली. तो चकित होऊन तिच्याकडे बघत राहिला आणि मग गुपचूप आईच्या ताटातल्या बटाट्याच्या फोडी खाऊ लागला.

भूक हे तिचं काम होतं. लोकांना सांगताना ती सोपं करून सांगायची: उंदराला कधी खावंसं वाटतं, कधी पुरे वाटतं, हे त्याचं पोट ठरवत नाही, रक्तातले निरोप ठरवतात. पोट रिकामं झालं की जठरातून एक संप्रेरक निघतं आणि मेंदूला म्हणतं, खा. अंगावरच्या चरबीतून दुसरं निघतं आणि म्हणतं, आहे माझ्यापाशी साठा, पुरे कर. त्या दुसऱ्याचं नाव लेप्टिन. तिच्याकडच्या एका जातीच्या उंदरांना जन्मतःच ते तयार करता येत नाही. चरबीचे थरावर थर चढतात, पण 'पुरे' हा निरोप निघतच नाही, आणि मेंदू समजतो की दुष्काळ पडलाय. ते लोण्याच्या गोळ्यासारखे होतात, चालताना पोट घासतं, आणि तरी खातात. त्यांच्या डोळ्यांत तृप्ती कधी नसते. सुईने ते संप्रेरक दिलं की काही दिवसांत खाणं आवरतं घेतात, बारीक होऊ लागतात, पिंजऱ्यात धावायला लागतात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा तिला रडू आलं होतं. पण आता तिला त्याहून जुना एक प्रयोग आठवत होता, विद्यार्थिदशेत ऐकलेला, कितीतरी आधी कुणीतरी केलेला. दोन उंदीर कुशीला कुशी शिवून जोडायचे, म्हणजे रक्त एकमेकांत मिसळतं. एक लठ्ठ, पण वेगळ्या जातीचा, दुसरा साधा. लठ्ठाच्या रक्तात 'पुरे'चा निरोप ओसंडून वाहत असतो, फक्त त्याच्या स्वतःच्या मेंदूला तो ऐकू येत नाही. शेजारच्याला येतो. आणि तो साधा उंदीर, समोर अन्न असताना, कुणी अडवत नसताना, खाणं सोडून देतो आणि उपासाने मरतो. वर्गात त्या दिवशी सगळ्यांनी हे वहीत उतरवून घेतलं होतं. तिने उतरवलं नव्हतं. तिला वाटलं होतं, मरताना त्या उंदराला आपण उपाशी आहोत हे कळलंही नसेल. आता तेच वाक्य डोक्यात फिरत राहिलं. आईला कळतच नसेल. बाबांच्या मागून 'पुरे' असा काहीतरी निरोप तिच्या रक्तात शिरलाय, आणि ती समोर ताट असताना संपत चाललीय. ही कल्पना इतकी नेमकी बसली की तिने ती पुन्हा तपासून पाहिली नाही. बाकी सगळं तिच्याभोवती आपोआप गोळा होत गेलं. आई रात्रभर जागी असते: दुःख. थंडीत खिडकी सताड उघडी टाकते: कोंडल्यासारखं होत असेल, दुःखच. क्षुल्लक कारणावरून चिडते, मग डोळे भरून येतात: आता हे तर उघडच होतं.

हात चुकला नव्हता हे तिला कळलं ते धुण्याच्या ढिगात. आईचा तपकिरी झगा धुवायला टाकण्याआधी तिने सवयीने उलटा केला आणि बगलेखालची शिवण पाहून जमिनीवरच बसली. मूळ शिवणीच्या आत आणखी एक शिवण होती. तिच्या आत आणखी एक. त्याच्याही आत. आई आपले कपडे आत घेत होती. थोडंसं, मग आणखी थोडंसं, असं करत करत, की बाहेरून बघणाऱ्याला कधी सैल दिसूच नये. कोटही तसाच असणार. आयुष्यभर नटांना लठ्ठ आणि बारीक करण्यात घालवलेली ही बाई स्वतःचं घटणं कापडाखाली झाकत बसली होती, लेकीच्याच घरात, भिंतीपलीकडे. मशीनचा आवाज तर रोज ऐकू यायचा, आणि आईला काहीतरी विरंगुळा आहे म्हणून तिला बरं वाटायचं. ती बोटाने एकेक शिवण चाचपत गेली. सगळ्यात बाहेरची सरळ होती, रेघेसारखी. तिच्या आतली जरा ढळलेली. सगळ्यात आतली, म्हणजे सगळ्यात अलीकडची, वाकडीतिकडी गेली होती, मध्येच सुटली होती, परत पकडली होती, जशी मशीनवर पहिल्यांदाच बसलेल्या पोरीची असते. ही टीप आईची असूच शकत नाही, असं आधी तिच्या मनात आलं. मग, डोळे अधू झाले असतील. मग ती वाकडी शिवण तिने मुठीत धरली आणि बराच वेळ तशीच बसून राहिली, धुण्याच्या मशीनमध्ये पाणी भरून थांबलं तरी.

यानंतर तिने जे सुरू केलं ते तिला तेव्हा काळजी वाटत होतं. ती आईचं ताट स्वतः वाढू लागली, आणि वाढण्यापूर्वी ओट्यावरच्या काट्यावर ठेवू लागली. जेवण झाल्यावर ताट उचलून नेऊन पुन्हा काट्यावर. दिलेलं वजा उरलेलं. पिंजऱ्यांचंही असंच करतात. आईला आवडेल म्हणून तिने दुधात शिजवलेला भात केला, अंडी केली, केळी आणून आईच्या खोलीत ठेवली. केळी संपायची, तेव्हा तिला वाटायचं, आई ती बाहेर टाकत असेल, आपल्याला बरं वाटावं म्हणून. आजारी उंदीरही अन्न कुरतडून भुश्यात मिसळून टाकतात आणि वाटतं, खाल्लं. एकदा तिने कचऱ्याच्या डब्यात हात घालून साली शोधल्या. साली होत्या, पण फक्त साली होत्या, याचा विचार तिने केला नाही. जेवताना ती बोलायची आणि डोळे आईच्या चमच्यावर असायचे. आई आता चमचा उचलतच नव्हती. हाताने पावाचा तुकडा मोडायची, झटकन तोंडात टाकायची आणि हात खाली न्यायची. टेबलावर एक ताण येऊन बसला, चौथ्या माणसासारखा. नवरा विनोद करायचा थांबला. "डॉक्टरकडे जाऊ या ना आई," ती म्हणाली की आई म्हणायची, "मला काय झालंय? वय झालं की खाणं कमीच होतं." "इतकं?" "इतकं म्हणजे किती?" आईने एक दिवस विचारलं. आवाज बारीक, ताणलेला. "तुला माहितीच असेल म्हणा. मी ऐकते ना, ओट्यावर ताट ठेवल्याचा तो टणकन आवाज. जेवणाआधी एकदा, नंतर एकदा. अजून किती दिवस वजन करणार आहेस माझ्या ताटाचं?" ती काहीतरी बोलायला गेली. "मी काय तुझ्या पिंजऱ्यातलं जनावर आहे?" आई म्हणाली. तिची हनुवटी थरथरत होती, मान थरथरत होती, गळ्याशी शीर उडत होती, आणि खुर्ची मागे लोटून ती उठली तेव्हा टेबलाचा आधार घ्यावा लागला. खोलीचं दार बंद झालं. आतून खिडकी उघडल्याचा आवाज आला. "जाऊ दे आता," नवरा हळूच म्हणाला. "तू बघतेस तशी माझ्याकडे कुणी बघत बसलं ना, तर माझ्याही घशाखाली उतरणार नाही." तिला त्याला सांगावंसं वाटलं, की मी नाही बघितलं तर ती मरेल. पण ते वाक्य मोठ्याने उच्चारलं तर खरं होईल, अशी भीती वाटली आणि ती भांडी घासत राहिली.

मग काही दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. काटा तिने कपाटात वर ठेवून दिला, आई बघत असताना. सकाळी ती निघायची तेव्हा आई खोलीच्या दारात उभी असायची, जणू ती जाण्याची वाट पाहत; आणि ही गोष्टही तिच्या मनात खोल रुतली, की आपण घराबाहेर पडलो की आईला सुटल्यासारखं वाटतं. प्रयोगशाळेत त्या दिवशी एका गटाचा शेवटचा दिवस होता. शेवटचा दिवस म्हणजे रक्त घ्यायचं, आणि मग उंदीर कायमचा निजवायचा. हे काम ती इतरांवर ढकलत नसे. स्वतः उचलायची, स्वतः करायची, हात हलका होता तिचा. त्या दिवशी पहिलाच उंदीर उचलला, तळहातावर घेतला, आणि तो तिथे बसून पुढचे दोन्ही पाय उचलून तोंड पुसू लागला. इतकंच. कुठलाही उंदीर हेच करतो. पण तिला अचानक जाणवलं की हाताला काहीच कळत नाहीये. हलका की जड, कालच्याइतका की कमी, हात गप्प. तिने त्याला परत पिंजऱ्यात ठेवलं. शेजारी काम करणारी मैत्रीण म्हणाली, "काय गं, पांढरीफटक पडलीयस. जेवलीस का?" "मला घरी जायला हवं," ती म्हणाली. "मग जा ना. मी करते हे." रस्त्यात ती जवळजवळ पळत होती. भरदुपारची वेळ, या वेळी ती कधी रस्त्यावर नसते. माणसं दुकानांच्या पायऱ्यांवर बसून खात होती, सगळे खात होते, कागदात गुंडाळलेलं, डब्यातलं, बोटं चाटत, आणि तिला पक्कं वाटत होतं की घरी आई जमिनीवर पडलेली असणार.

दार तिने आवाज न करता उघडलं. का, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. स्वयंपाकघरातून आवाज येत होता. भांड्यावर झाकण आपटल्याचा, मग काहीतरी फाडल्याचा, मग श्वासाचा, नाकातून वेगाने घेतलेल्या श्वासाचा. ती पॅसेजमध्ये उभी राहिली. आई ओट्यापाशी उभी होती, पाठमोरी, नुसत्या पातळ सदऱ्यावर, आणि त्या सदऱ्यातून तिच्या पाठीचं एकेक हाड दिसत होतं. ती खात होती. कालचा भात पातेल्यातूनच, हाताने. पाव अख्खाच धरून दाताने तोडत होती, तो गिळायच्या आत पुन्हा भात, मग दुधाचं भांडं दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावलं, आणि ते भांडं इतकं हललं की दूध हनुवटीवरून गळ्यावर, सदऱ्यावर सांडलं. आईने ते मनगटाने पुसलं आणि पुन्हा पातेल्यात हात घातला. ओट्यावर अंड्यांची टरफलं होती, केळ्याच्या साली होत्या, कागद पसरलेले होते. तिने कधीही, कुठेही, इतकी भूक पाहिली नव्हती. पाहिली होती, पण पिंजऱ्यात. "आई," ती म्हणाली. आई गर्रकन वळली. गाल भरलेले, डोळे विस्फारलेले, भाताची शितं बोटांना चिकटलेली. मग आईने तोंडातला घास कसाबसा गिळला आणि दोन्ही हात पाठीमागे लपवले, लहान मुलीसारखे.

"भूक लागते गं," आई म्हणाली. आणि बांध फुटल्यासारखी बोलू लागली, उभ्याउभ्याच. "इतकी लागते. खाल्लं की पुन्हा लागते. तुम्ही गेलात की मी सुरू करते ते तुम्ही येईपर्यंत. आणि काही अंगी लागत नाही. मला कळतंय ना, माझं मलाच शिवावं लागतं. तुझ्या मावशीचं असंच झालं होतं, अशीच वाळत वाळत गेली, पोटात गाठ होती तिच्या. माझ्या आत काहीतरी आहे. मी खाते ते सगळं तेच खातंय." ती पुढे झाली. "मग माझ्यासमोर का नाही जेवत?" "कशी जेवू?" आईने हात पुढे केले. पसरलेली बोटं, आणि त्यांच्यात बारीक, सतत कंप, वीज खेळावी तसा. "चमचा धरला तर सगळं सूप टेबलावर. जावयासमोर! आणि एकदा खायला लागले की थांबता येत नाही मला. तुमचं ताटसुद्धा ओढून घेईन असं वाटतं. रेघ म्हणायचे मला, रेघ. आता सुईत दोरा जात नाही." तिने ते हात धरले. गरम होते, घामाने ओले, या थंडीत. मनगटापाशी नाडी धावत होती, अडखळत, पुन्हा धावत. तिने आईच्या गळ्याकडे पाहिलं, आणि मग एकदम सगळं समोर उभं राहिलं, इतकं सोपं की तिला लाज वाटली. खाणं वाढतं आणि तरी वजन घटतं. हात कापतात, अंगाची आग होते, झोप जाते, चीड येते. सांगा, कुठलं संप्रेरक? हा प्रश्न ती स्वतः पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारायची. गळ्यातली ती छोटीशी ग्रंथी, थायरॉइड, बेताल झाली की शरीर आतून जळतच राहतं, कितीही सरपण घाला. मावशी शेवटी खात नव्हती. तिला आठवत होतं, मावशी घासाकडे बघतही नव्हती. आई खात होती. घरातला पाव संपत होता आणि नवरा ते रोज सांगत होता, आणि ती, भुकेतली तज्ज्ञ, 'पुरे'च्या निरोपावर अशी लुब्ध झाली होती की ही बाई उपाशी आहे एवढं साधं तिला दिसलं नव्हतं. "आई, मावशीसारखं नाहीये हे," ती म्हणाली. "मला वाटतं, नाहीये. पण तपासायला हवं. आज. आत्ता." "आधी एवढा भात संपवू दे," आई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिने खुर्ची ओढली, आईला बसवलं, पातेलं समोर ठेवलं आणि स्वतः पाठ वळवून खिडकीपाशी उभी राहिली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, फारसं बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी आईच्या मागे उभं राहून बोटांनी गळा चाचपला, पाणी गिळायला लावलं, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. "भूक कशी आहे?" त्यांनी विचारलं. उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं, नीट शास्त्रीय शब्दांत. तिने दात आवळले. आई म्हणाली, "राक्षसासारखी." बाई पहिल्यांदाच हसल्या. रक्त तपासायला गेलं. अहवाल येईपर्यंतचे दिवस वाईट गेले, कारण शंका पूर्ण गेली नव्हती. या वयात थायरॉइड आणि पोटातली गाठ दोन्ही असू शकतं हे तिला ठाऊक होतं, आणि हे आईला ठाऊक नाही असं तिला वाटत होतं. आईला ठाऊक होतं. "दोन्ही असलं तर?" तिने एका संध्याकाळी सरळ विचारलं, चौघांसाठी होईल इतकं वाढलेलं स्वतःचं ताट संपवत, सूप कपातून पीत. नवऱ्याने तो रुंद, दोन कानांचा कप शोधून आणला होता, काही न बोलता. "दोन्ही असलं तर दोन्हीचं बघू," ती म्हणाली. दोन्ही नव्हतं. गळ्यातलंच होतं. पोटाच्या तपासण्या स्वच्छ आल्या. गोळ्या सुरू झाल्या, हृदयासाठी वेगळी, आणि हळूहळू, ऋतू बदलावा तसं, खिडकी रात्री बंद होऊ लागली. आई झोपू लागली. हातांतली वीज मंद झाली, पूर्ण गेली नाही. भूक ओसरली आणि मग, नेमकं तेव्हाच, अंगावर मांस चढू लागलं. संप्रेरक ताळ्यावर आलं की शरीर सावरतं, हे ती प्रयोगशाळेत दरवर्षी बघायची. घरात बघताना रोज नवीन वाटायचं. पण आई खूश दिसेना. एका रविवारी दोघी कपडे वाळत घालत होत्या तेव्हा आई म्हणाली, "तुला वेडेपणा वाटेल. ती भूक होती ना, तिची सोबत होती गं. तुम्ही दोघं गेलात की घरात कुणीतरी सारखं हाका मारतंय असं असायचं. हे दे, ते दे. उसंत नसायची. आता बारा वाजतात, आणि नंतर बारा वाजलेलेच असतात." लेकीने हातातला टॉवेल तसाच धरून ठेवला. बाबा गेल्यापासून आई दिवसभर काय करते हे तिने आजवर विचारलं नव्हतं. आई किती खाते, एवढंच विचारलं होतं. "मग?" तिने विचारलं. "मग काय," आई म्हणाली. "कपडेपटातून निरोप आलाय. नवीन पोरी आहेत, त्यांना भरलेल्या बंड्या जमत नाहीत. मी शिवायचं नाही, नुसतं बसून सांगायचं. जाऊ का?" आणि मग लगेच, जरा रागाने, "विचारतेय म्हणजे परवानगी मागत नाहीये हं."

आई जाऊ लागली. पहिल्या दिवशी लेक कामावरून लवकर आली, भाजी केली, तीन ताटं मांडली. दिवे लागले, नवरा आला, त्याने हात धुतले, भूक लागली म्हणाला. ती म्हणाली, थांबू या. दोन वेळा खिडकीपाशी जाऊन आली. जिन्यात पावलं वाजली, पण ती वरच्या मजल्यावरच्या माणसाची होती. तिच्या डोक्यात सगळं सुरू झालं: दुपारची गोळी घेतली असेल का, तिथे कुणी विचारलं असेल का, उपाशीपोटी जिना चढताना छातीत धडधडलं तर. मग किल्ली फिरली. आई आत आली, केसांत कापसाचे तंतू, गाल लाल, आणि आल्याआल्याच बोलायला लागली, कुणीतरी राजाची बंडी उलटी शिवली होती आणि पोट पाठीवर आलं होतं, आणि सगळ्या पोरी हसून हसून लोळत होत्या. बूट काढता काढता तिने मांडलेली ताटं पाहिली. "अगं, माझं कशाला वाढलंस?" ती म्हणाली. "मी जेवून आले." काय जेवलीस, किती जेवलीस, कुणाबरोबर, बसून की उभ्याने, हे सगळे प्रश्न एकदम लेकीच्या जिभेपर्यंत आले. आई कोट खुंटीला अडकवत होती. तिच्याकडे बघतही नव्हती. "बरं," ती म्हणाली, आणि तिसरं ताट उचलून परत ठेवायला आत गेली.